कमी धोका

तातेराव वारले. पण काही झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ. शेवटचं वर्षभर ते स्वतः तसंच धरून चालले होते.

तर तातेराव वडीगोद्रीत हायवेच्या कडेला पंक्चर काढत बसले होते, तेव्हा कुरिअरवाला डबी देऊन गेला. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, प्रितमनं, ती ऑनलाइन मागवली होती. नळीत थुंकायचं, नळी परत पाठवायची. कोणता आजार रक्तातून येणार ते कंपनी सांगणार. प्रितमचे आजोबा आणि चुलते दोघंही तोंडाच्या कॅन्सरनं गेले होते.

"नाना, थुंकायच्या आधी अर्धा तास तंबाखू न्हाई बरं," प्रितमनं फोनवर बजावलं.

तातेरावांनी मनापासून प्रयत्न केला. पण दर वेळी वाट बघता बघता बार भरला जायचा. शेवटी त्यांनी नळी बायकोपुढं धरली. "तूच थुंक."

"नाव तर तुमचं हाये त्याच्यावर," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

"सातबाऱ्यावर बी माझंच हाये. राबती तूच ना?"

बाई थुंकल्या.

रिपोर्ट मोबाइलवर आला. तोंडाच्या कॅन्सरचा धोका: कमी. टक्कल पडण्याची शक्यता: नगण्य. तातेरावांच्या डोक्यावर तेव्हा एकही केस नव्हता. प्रितमनं विचारलंही.

"कंपनी आतलं बघती रे," तातेराव म्हणाले आणि निर्धास्त मनानं दुसरी पुडी फोडली.

पुढं गालात आतून पांढरा चट्टा आला. तोंड उघडेना. भाकरी सुटली, मग दुधात कुस्करलेली भाकरीही सुटली.

"दवाखान्यात चला. ती थुंकी माझी व्हती हो."

"मंग? नवरा-बायकोचं काय येगळं असतंय?" तातेराव दातातून म्हणाले. त्यांचा आता खरंच विश्वास बसला होता.

जालन्याच्या डॉक्टरनं तोंडात बघायला चमचा घातला. चमचा आत गेला नाही.

"इतके दिवस काय करत होतात?"

तातेरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मोबाइलवरचा रिपोर्ट पुढं केला. डॉक्टरनं तो वाचला, त्यांच्या डोक्याकडं बघितलं.

"हा रिपोर्ट कोणाचा आहे?"

बेबीनंदाबाईंनी हात वर केला.

तेराव्यानंतर बाईंनी कंपनीला पाठवायचा अर्ज तोंडी सांगितला. प्रितमनं तो मान खाली घालून टाइप केला.

"सबब विनंती की, माझ्या थुंकीतून निघालेला कमी धोका माझे पती तातेराव यांच्या नावे मागील तारखेपासून वर्ग करण्यात यावा. त्यांचा धोका माझ्या नावे लावण्यास माझी हरकत नाही."