थोडासा उशीर

सुनेत्राने डीन हॅक्सबीच्या उजव्या गुडघ्याची फिल्म दिव्यावर लावली आणि चष्मा काढून पुसला. चष्मा पुसल्याने गुडघा सुधारत नाही हे इतकी वर्षं रेडिओलॉजी करणाऱ्या बाईला ठाऊक असतं, तरी तिने पुसला. कूर्चा जवळजवळ संपली होती. हाडावर हाड घासत होतं.

तेवढ्यात माधवचा, म्हणजे नवऱ्याचा, फोन आला. फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट कुंकवासारखं जपणारा माणूस.

"आला का गं तो? रेडिओवर सारखं सांगतायत, सब्जेक्ट टू मेडिकल, म्हणजे तुझ्या तपासणीत पास झाला तरच क्लब त्याला घेणार. पाचला खेळाडू घ्यायची डेडलाइन आहे. आम्हाला एक धड स्ट्रायकर मिळू दे बाई."

"माधव, मी काही सांगू शकत नाही. यू नो दॅट."

"म्हणजे वाईट बातमी का?"

तिने फोन ठेवला. क्लबला स्ट्रायकर मिळणार नव्हता, आणि समोर बसलेल्या माणसाचं तर सगळंच जाणार होतं.

डीन जेमतेम तिशीचा होता. क्लबचा शर्ट हातात धरून त्याचा फोटोही सकाळीच काढून झाला होता. पेपरवाल्यांना घाई असते, म्हणून तपासणीआधीच काढतात. त्याने फिल्मकडे पाहिलंही नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नापास ना?"

"हो. आय अ‍ॅम सॉरी."

तो गुडघा चोळू लागला.

"डॉक्टर, खोटं लिहा असं नाही म्हणत मी. फक्त उशिरा पाठवा. पाच वाजून गेले की व्यवहार वेळेअभावी मोडला असं होईल. जुन्या क्लबला मी नकोच आहे. नापास झालो हे एकदा पसरलं, की मग कुणालाच हवा राहणार नाही."

सुनेत्राने पेन खाली ठेवलं. मागणी किती लहान होती. एक चहा प्यायचा, एक फोन घ्यायचा, बस. तिला त्याची इतकी दया आली की ती खरोखरच चहा करायला उठली.

"थँक यू," तो म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. "गेल्या वर्षीही एक क्लब मला घेणार होता, तेव्हाचे डॉक्टरही असेच भले होते. त्यांनीही उशीर केला. मग जुन्या क्लबात परत जाऊन वर्षभर खेळलो."

किटली तिच्या हातातच राहिली. ती फिल्मपाशी परत गेली. त्या भलेपणाचं वर्ष समोर दिव्यावर दिसत होतं. तेव्हा कुणी थांबवलं असतं, तर हा माणूस निदान म्हातारपणी जिना चढू शकला असता.

तिने रिपोर्ट लिहिला, सही केली आणि क्लबला पाठवायला फॅक्स मशीनमध्ये घातला. मशीन कागद हळूहळू आत ओढू लागलं.

"तुम्हाला राग आला असेल," ती म्हणाली.

"नाही. तुमचं बरोबरच आहे." तो मोजा वर ओढत होता, गुडघा न वाकवता. "पण त्या एका वर्षात माझी मुलगी मॅच बघायला यायच्या वयाची झाली. बाबा काय करतो ते तिने पाहिलं. आधी फार लहान होती."

सुनेत्राचा हात आपोआप मशीनकडे गेला. रिपोर्ट गेला होता; कागद पलीकडच्या ट्रेमध्ये येऊन पडला होता.