चुकीच्या ओठांवर पहारा

दचकू नका, भोपळाच बोलतोय. कडू भोपळा, भाजीच्या कामाचा नव्हे. वेलावर वाळलो, मग कुणीतरी माझं तोंड कापलं, पोट कोरलं, आणि तेव्हापासून उरुग्वेतल्या पायसांदू गावात येर्बा नावाचा कडू पाल्याचा चहा प्यायचा प्याला म्हणून राबतोय. माझ्यात येर्बाचा पाला भरतात, वर गरम पाणी ओततात, धातूची एक नळी खुपसतात आणि सगळं घर त्या एकाच नळीनं आळीपाळीनं पितं. म्हणजे माझं अख्खं आयुष्य उष्ट्यात गेलं. त्याची मला लाज नाही. पण इतक्या तोंडांशी संबंध आला की भोपळासुद्धा संशयी होतो.

मला घरी आणलं वॉशिंग्टननं. आमच्याकडे बापमाणसांची नावं अशीच असतात. त्याचं टायर पंक्चरचं दुकान आहे. ओला पाला आणि चिमूटभर राख भरून त्यानं मला दोन दिवस तसंच ठेवलं, मग चमच्यानं आतून खरवडलं. मी पक्का झालो. मुलगा रामिरो अठरा वर्षांचा झाला तेव्हा बापानं मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आजपासून तू भरायचं."

ही साधी गोष्ट नाही. जो भरतो तो त्या बैठकीचा मालक. पहिला कडूजहर घोट तो स्वतः पितो, मग एकेकाला भरून देतो, आणि पिणाऱ्यानं मला पुन्हा त्याच्याच हातात द्यायचं असतं. शेजाऱ्याला द्यायचं नाही, खाली ठेवायचं नाही. रामिरोनं पाच वर्षं हे काम चोख केलं. माझा त्याच्यावर जीव होता.

मग हेल्मी आली.

फिनलंडची पोर, वीस वर्षांची, वर्षभर इथल्या संत्र्यांच्या रोपवाटिकेत काम करायला आलेली. रामिरो तिथे पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेला आणि पंपाबरोबर स्वतःचंही काहीतरी उघडून बसला. पुढच्याच रविवारी ती नदीकाठी आमच्या घडीच्या खुर्च्यांवर येऊन बसली. रामिरोनं मला भरून तिच्या हातात दिलं. तिनं काय करावं? नळी धरली आणि चहात चमचा फिरवावा तशी गरागरा फिरवली!

"अगं बाई!" रामिरोची आई मिर्ता किंचाळली. "नळीला हात नाही लावायचा, पोरी! सगळा पाला उलटापालटा झाला."

हेल्मी लालबुंद झाली. मग मला दोन्ही हातांत धरून गप्प बसली. पिईना आणि परतही देईना.

"तो माईक नाहीये," वॉशिंग्टन म्हणाला. "पी आणि परत दे. भाषण करायचं असेल तर उभी राहा."

सगळे हसले. मी नाही हसलो. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. ही पोर बोलत नव्हती. आमच्याकडे माणसं माझ्याभोवती बसतातच मुळी बोलायला. फुटबॉल, मेहुणी, महागाई, काहीही. ही नुसती ऐकायची आणि एका छोट्या वहीत तिच्या भाषेत काहीतरी लिहायची. काय लिहीत असेल? आमच्या मिर्ताची चेष्टा? वॉशिंग्टनचा फाटका सदरा? गावी जाऊन मैत्रिणींना वाचून दाखवणार असेल, हा माझा पक्का अंदाज.

शिवाय तिचं परतीचं तिकीट होतं, मार्चचं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. रामिरो दर रविवारी विचारायचा, "राहशील ना? नको ना जाऊ."

ती म्हणायची, "बघू."

तिच्या त्या 'बघू'नं माझा जीव जळायचा. माझ्या पोराला खेळवते आहे, वर्ष संपलं की विमानात बसेल आणि हा इथे नदीकडे बघत बसेल, असं मला वाटायचं. म्हणून मी तिच्या ओठांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. कधी घोट लांबला की म्हणायचो, बघा, काहीतरी लपवतेय. कधी पटकन संपवला की म्हणायचो, बघा, कंटाळली. माझ्या संशयाला कुठलाही घोट चालायचा.

त्याच काळात रामिरो पाणी फार उकळायला लागला होता. उकळतं पाणी ओतलं की पाला करपतो आणि चव जाते, हे त्याला लहानपणापासून माहीत. तरी दोनदा झालं. मधेच फोन आला की उठून लांब जायचा. बापाला विचारत बसायचा, "पणजोबा इटलीत नेमके कुठल्या गावचे? जन्माची नोंद कुठल्या चर्चमध्ये असेल?" मला भरून यायचं. किती माया बघा पूर्वजांवर, म्हणायचो. परकी पोरगी नळीला हात लावते म्हणून मी महिनाभर रुसलो, आणि माझ्या पोटातला पाला करपत होता तरी मला कळू नये, याला काय म्हणावं!

फेब्रुवारी संपत आला होता. नदीवर गर्दी, पोरं पाण्यात, मिर्तानं घरून पुऱ्या तळून आणलेल्या. रामिरोनं मला भरून हेल्मीला दिलं. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "मी तिकीट रद्द केलं. इथल्या शेतकी शाळेत नाव घातलंय. मी राहतेय."

मला वाटलं आता आरडाओरडा होईल, मिठ्या मारतील. पण मिर्ता पुऱ्यांवरचं फडकं सारखं करत बसली. वॉशिंग्टन नदीकडे बघायला लागला.

"सांग तिला," मिर्ता शेवटी म्हणाली. "आता तरी सांग, रामिरो."

"काय?" हेल्मीनं विचारलं.

"पणजोबांच्या नोंदीवर मला इटलीचा पासपोर्ट मिळालाय. युरोपात कुठेही राहता येतं," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये बार्सिलोनाला चाललोय. चुलतभाऊ आहे तिथे."

"किती दिवस?"

त्यानं गरम पाण्याच्या थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. एवढं पुरलं.

"दर रविवारी मला 'राहा' म्हणायचास," ती म्हणाली. "कशाला?"

"वाटलं, तू राहिलीस तर मलाही राहावंसं वाटेल." त्याचा आवाज बारीक झाला होता. "नाही वाटलं. तूच चल ना माझ्याबरोबर."

"मला दिवसाला ऐंशी कलमं बांधता येतात, रामिरो. घरी माझ्या वडिलांनी माझ्यासाठी वकिलीची जागा धरून ठेवली होती. मी कशात चांगली आहे हे मला इथे कळलं. तुझ्यामुळे नाही कळलं. पण वाटलं होतं, तू जवळ असशील."

बिचारी रडत होती, आणि वहीत काय होतं तेही त्या दिवशी कळलं, कारण वही तिच्या मांडीवरून खाली पडून उघडली. सगळीकडे कलमांच्या फांद्यांची चित्रं आणि तारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरच्या माणसांनी ताकास तूर लागू दिली नाही, आणि मी पाहुणीची झडती घेत बसलो होतो.

ती मला तळापर्यंत प्यायली, सुर्र आवाज येईपर्यंत. रामिरोनं सवयीनं हात पुढे केला. तिनं मला त्याच्या हातावरून पलीकडे नेलं आणि मिर्तापुढे धरलं.

"पुढचा तुम्ही भरा."

असं आमच्यात कुणी कधी करत नाही. भरणाऱ्याचा हात डावलणं म्हणजे त्याला बैठकीतून उठवणं. तिला हे माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मिर्तानं मात्र थर्मास ओढून घेतला आणि भरलं.

रामिरो गेला. जाताना नवीन, स्टीलचा प्याला घेऊन गेला. "भोपळा प्रवासात तडकेल," म्हणाला. महिन्याभरानं मिर्तानं मला ताटं पुसायच्या फडक्यात गुंडाळून हेल्मीच्या खोलीवर आणलं.

"हा घे. डोळ्यांसमोर असला की मला रडू येतं."

"धुवायचा कसा?"

"साबण लावलास तर बघ!"

याला दोन वर्षं झाली. हेल्मी आता रोपवाटिकेत भरते, पहिला कडू घोट स्वतः पिते, आणि बोलते म्हणजे काय, थांबतच नाही. गेल्या रविवारी मिर्ता आली होती. चाचरत म्हणाली, "रामिरोचा फोन होता. स्टीलमध्ये चव येत नाही म्हणतो. भोपळा पाठवशील का, विचारत होता."

माझ्या काठाला चीर गेलीय, समुद्रापार मी काही पोचायचो नाही. पण खरं सांगतो, जावंसं वाटलं. पाच वर्षं ज्याच्या हातात काढली त्याच्यावरची माया अशी आटत नाही. हेल्मीनं मला उचललं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. या वेळी मी तिच्या गप्प बसण्यातून काही काढायला गेलो नाही. नुसती वाट पाहिली.

"त्याला म्हणावं, इथे येऊन पी," ती म्हणाली. "त्याची पाळी आली की मी देईन."