शेत झालेला टब

मित्रांनो, मी आंघोळीचा एक जुना टब आहे. ओतीव लोखंडाचा, चार वाकड्या पायांचा. आतून कधीकाळी पांढराशुभ्र होतो, आता कडेकडेने मुलामा उडाला आहे. मला बोलता येत नाही. टबाला बोलायचे असते तरी काय, असे मलाही बरीच वर्षे वाटत असे. पण एका वर्षी मला इतके ओरडावेसे वाटले, इतके ओरडावेसे वाटले, की विचारू नका. त्या वर्षाची ही गोष्ट.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लालभडक लोखंड साच्यात ओतले गेले, थंड झाले, आणि मी झालो. मग माझ्या पोटाला काचेसारखा पांढरा मुलामा चढवला. एका मोठ्या विश्रामगृहात मी नोकरीला लागलो. दमलेले प्रवासी यायचे, गरम पाण्यात मान टेकून बसायचे, कोणी गाणे गुणगुणायचे, कोणी तिथेच घोरायचे. पुढे तिथे तुषारस्नानाचे चकचकीत नळ आले आणि माझी अडगळ झाली. मला भंगारवाल्याकडे टाकले. तिथे मी उताणा पडून असायचो, माझ्यात पाला कुजायचा आणि मांजरी पिल्ले घालायच्या.

तिथेच मला ताई आणि तिचा नवरा, दादा, भेटले.

दादा चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायचा. ताई एका मोठ्या कचेरीत फोनवर बसायची. ज्यांची यंत्रे बिघडली, ज्यांना चुकीची वस्तू मिळाली, असे लोक दिवसभर तिच्यावर तोंडसुख घ्यायचे आणि ती "तुमची अडचण मला समजते" असे म्हणत राहायची. संध्याकाळी घरी आली की तिला कोणाशी बोलायचीही इच्छा उरायची नाही. मग तिने ठरवले, घरातच शेत करायचे. स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या आल्या, फळीवर बियांच्या पुड्या आल्या, आणि दादा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून तिसऱ्या मजल्यावर हिंडू लागला. त्याने गच्चीत बुजगावणेही उभे केले. पाखरे त्याला मुळीच भ्यायली नाहीत. पहिल्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी मात्र त्याला हात हलवून नमस्कार केला.

मला पाहताच ताई म्हणाली, "अरे, हेच! यातच आपलं शेत!"

मला जिन्याने वर नेताना हमालांच्या तोंडाला फेस आला. "ताई, हत्तीला आंघोळ घालायचीय का?" एकाने विचारले. सगळे हसले. मीही मनात हसलो. किती वर्षांनी कोणीतरी मला हवेसे म्हणून उचलले होते!

आमची इमारत पायऱ्यांसारखी बांधलेली आहे. वरच्या घराची उघडी गच्ची म्हणजे खालच्या घराच्या झोपायच्या खोलीचे छत. त्या खालच्या घरात मावशी राहत. इस्पितळात नर्स म्हणून जन्म घालवलेल्या, एकट्या, नीटनेटक्या बाई. कोणाला काही झाले की त्यांचे ठरलेले वाक्य, "काही होत नाही." मुलगा गुडघा फोडून आला, काही होत नाही. वीज गेली, काही होत नाही. सगळी इमारत त्यांना मावशीच म्हणे.

माझ्यात पोत्यामागून पोते माती पडली. मग शेणखत, मग पाणी. आधी मी घाबरलो, माती अंगावर येणे म्हणजे आपले संपले असेच वाटले. पण काही दिवसांनी माझ्या पोटात काहीतरी हलले. वाटाण्याचा कोंब होता तो. मित्रांनो, गरम पाण्यात बसलेला माणूस सुखी होतो हे मी पाहिले होते. पण स्वतःच्या पोटात काही उगवते आहे, हे सुख निराळेच. पालक आला, टोमॅटो आले, मधल्या भागात बटाटे लावले. येणारे-जाणारे माझे फोटो काढू लागले. ताई कचेरीतून आली की पर्स टाकून थेट माझ्याकडे यायची आणि मातीत हात घालून नुसती उभी राहायची. पहिल्या पालकाची जुडी तिने मावशींना नेऊन दिली. त्या दिवसापासून प्रत्येक तोडणीतला वाटा खाली जाऊ लागला.

आणि मग एका सकाळी माझा डावा मागचा पाय खाली गेला.

फार नाही, केसभरच. वरून कोणाला कळलेही नाही. पण माझे सगळे वजन चार पायांवर. त्यातला एक खचला तर मला नाही कळणार तर कोणाला? त्या दिवसापासून माझे पाणीही नीट वाहीना. माझ्या तळाच्या भोकाला ताईने एक नळी जोडून ती पावसाच्या पाण्याच्या नळात सोडली होती. हा नळ मावशींच्या खिडकीला लागून खाली जाई. आता पाणी नळीतून जायच्याऐवजी त्या खचलेल्या पायाशी साचायचे आणि कुठेतरी मुरायचे. कुठे मुरत होते? खालीच ना!

त्या नळातून मला खालचे आवाज ऐकू येत. एके दिवशी खडखड असा बारीक आवाज आला, वाळू सांडल्यासारखा. पाठोपाठ केरसुणीचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. छताचा गिलावा गळत होता आणि मावशी मुकाट्याने झाडत होत्या.

त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, जुनी इमारत आहे, पोपडे पडायचेच... नाही रे, वर नाही सांगितलं. काय सांगू? पोर किती हौसेनं करतेय ते. परवा टोमॅटो घेऊन आली, तासभर बसली. नाहीतर माझ्याकडे कोण येतं बसायला?"

हे ऐकून माझे लोखंड गार पडले. मी ज्याच्यावर उभा होतो त्याच्या खाली एक बाई झोपत होती, आणि मी रोज थोडा थोडा जड होत होतो.

एकदा मावशी वर आल्या. पदराशी चाळा करत माझ्याजवळ उभ्या राहिल्या. मला वाटले, आता सांगतील. सांगा मावशी, सांगा!

"अगं, मला जरा बोलायचं होतं," त्या म्हणाल्या.

"बोला ना मावशी. आधी हे बघा, बटाट्याला फुलं आलीत!" ताईने त्यांचा हात धरून माझ्याकडे ओढला. "खरं सांगू? हे शेत नसतं ना, तर मी कधीच वेडी झाले असते. दिवसभर नुसत्या तक्रारी, तक्रारी. इथं आले की कोणी तक्रार करत नाही."

मावशींनी एका फुलाला हात लावला. "फुलं छान आलीत हो," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही." आणि त्या जिना उतरून गेल्या. संध्याकाळी खालून फरशीवर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. थांबत थांबत, धापा टाकत कोणीतरी एकटेच ओढत होते.

मग पावसाळी हवा आली. मोठा पाऊस नव्हता, पण झिमझिम थांबेना. माती पाणी पीत गेली, पीतच गेली. मी फुगल्यासारखा झालो. माझ्या पायाखाली अधूनमधून 'टक्' असा आवाज होई. बारीक, कोरडा आवाज. तो झाला की मी श्वास रोखून धरायचो. टबाला कसला श्वास, असे म्हणाल. पण भीतीने माझे तसे झाले खरे. त्यात दादाच्या मनात आले, पावसाचे पाणी साठवायला माझ्या शेजारी एक मोठे पिंप ठेवावे. पिंप आले. भरू लागले. बुजगावणे वाऱ्याने डुलत होते आणि दादा शीळ घालत होता. मी मनातल्या मनात किंचाळत होतो.

ती रविवारची दुपार होती. ताईने माझ्यातली माती उकरून पहिले बटाटे काढले, पाटीत घेतले आणि खाली गेली. दार उघडल्याचा आवाज आला. मग ताईचा आवाज,

"मावशी, पलंग स्वयंपाकघरात कसा?"

"तिथं बरं वाटतं गं. उकाडा होतो आत."

"या पावसात उकाडा?"

ताईची पावले आत वळली. मग आतल्या खोलीचे दार करकरले. पाटी पडली. बटाटे फरशीवर गडगडत गेले.

"देवा! मावशी, हे छत... सळया दिसताहेत! कधीपासून?"

"झाले काही दिवस. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. तुझं मन रमलं होतं गं..."

"दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकते मी, मावशी," ताई रडकुंडीला आली होती. "तुमची एक ऐकली नसती का?"

मग खिडकीतून तिची हाक आली. अशी हाक मी कधी ऐकली नव्हती. "अरे, पिंप पाडून दे! पाणी सोडून दे सगळं! गच्चीत पाऊल टाकू नकोस, दारातूनच!"

दादाची शीळ थांबली. त्याने दारातूनच बांबूने पिंप उलटे केले. मी दाराला लागूनच होतो; तो आणि शेजारची माणसे उंबऱ्यात उभी राहून, वाकून, हात लांब करून, माझ्यातली माती बादल्यांनी उपसू लागली. बादल्या जिन्यातून हातोहात खाली जाऊ लागल्या. वाटाण्याचे वेल तुटले, कच्चे टोमॅटो चिखलात गेले. ताई मावशींना जिन्यात बसवून वर आली आणि स्वतःच्या हातांनी झाडे उपटू लागली. मला त्याचे दुःख झाले नाही. प्रत्येक बादलीगणिक मी हलका होत होतो आणि एकच जप करत होतो, थांब, अजून थोडा थांब.

स्लॅब थांबला नाही.

खालून धप्प असा आवाज झाला. गच्ची हादरली. माझा मागचा पाय खड्ड्यात गेला आणि मी तिरका झालो. सगळे हात जागच्या जागी थबकले.

"मावशी कुठे आहेत?" ताईने विचारले.

"आत्ता जिन्यात होत्या की," कोणीतरी म्हणाले. "चष्मा राहिला म्हणून आत गेल्या."

ताई धावली. नळातून मला फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. हाक नाही, पाऊल नाही. मी कान लावून होतो. मित्रांनो, ओतशाळेतल्या त्या आगीतही मला इतके भाजले नसेल.

मग खोकला आला. एक, मग दुसरा. आणि धुळीने बसलेला आवाज, "काही होत... नाही, नाही. झालंय गं. पुष्कळ झालंय. मला धर आधी."

छताचा तुकडा पलंगाच्या जुन्या जागेवर पडला होता. मावशी दारात होत्या. अंगभर पांढरी धूळ, हातात चष्मा, त्याचे एक भिंग तडकलेले.

खोलीत लाकडी टेकू लागले. दुरुस्ती चालू होती तोवर मावशी ताई-दादांकडे राहिल्या. आता त्या बिनधास्त तक्रार करू लागल्या. चहा पांचट आहे, उशी टणक आहे, दादा घोरतो. एकेक तक्रार ऐकून ताई हसायची आणि कधी हसता हसता डोळे पुसायची. दादाने त्यांच्या चष्म्याला नवे भिंग बसवले; बसवताना मान वर करून त्यांच्याकडे बघणे मात्र त्याला बरेच दिवस जमले नाही. घरातले शेत मोडले नाही. बांधकामातल्या एका जाणत्या माणसाकडून गच्ची तपासून घेतली, आणि आता कठड्याच्या आत हलक्या पिशव्यांमध्ये पालक आहे. त्याचा वाटा घ्यायला मावशी स्वतःच वर जातात.

मला खाली आणून अंगणात, सायकलींच्या शेजारी ठेवले. माझ्याखाली आता जमीन आहे. माझ्यात आपोआप गवत उगवले आहे. मला वाटले होते, संपली आपली काळजी.

पण काल एक नवे जोडपे आले. माझ्याभोवती फिरले, खूश झाले. त्यातल्या मुलीने टेपने माझी लांबी घेतली, रुंदी घेतली. "गच्चीत बरोबर बसेल," ती म्हणाली. "टोमॅटो लावू." राखणदार म्हणाला, "न्या की, पडूनच आहे." माझे वजन कोणी विचारले नाही. ताई कचेरीत होती, मावशी झोपल्या होत्या.

मित्रांनो, शेत जरूर करा. मातीत हात घातला की माणसाला बरे वाटते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण वर काही ठेवण्याआधी खालच्या घरी जा आणि त्यांचे छत पाहून या. आणि तुमच्या छताला तडा गेला असेल, तर समोरचा कितीही गोड असला तरी गप्प बसू नका.

ते दोघे शनिवारी गाडी घेऊन येणार आहेत. तुमच्यापैकी कोणी त्या वेळी इथून जात असेल, तर माझ्यासाठी एवढे करा. त्यांना थांबवा आणि विचारा, "तुमच्या गच्चीखाली कोण झोपतं?"