माझी पाटी खोटी आहे

मी टाकी बोलतेय. सोन्याच्या पाण्याची टाकी. आधीच सांगून ठेवते, आज मी गोड बोलणार नाही. माझ्याबद्दल फार गोड बोलून झालं आणि त्यानेच घात केला.

तुमच्या बॅगेचं बक्कल, घड्याळाची कड, शर्यतीत मिळालेलं पदक हे काही सोन्याचं नसतं. आत पितळ असतं आणि वर सोन्याचा पापुद्रा. तो पापुद्रा मी चढवते. कोमट पाण्यात सोन्याचा क्षार, तो विरघळलेला राहावा म्हणून सायनाइड, आणखी दोन-तीन क्षार, विजेच्या दोन तारा आणि डोक्यावर सतत फिरणारा पंखा, ही माझी कृती. सायनाइड म्हणजे जहाल विष. ते मी कधी लपवलं नाही. माझ्या डोक्यावर कवटीचं चित्र असलेली पिवळी पाटी होती आणि तिचा मला अभिमान होता.

मला पहिल्यांदा ढवळलं ते मास्तरणीने. मुलाम्याचं काम ती वीस वर्षं करत होती आणि येईल त्याला शिकवत होती, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. नवा माणूस आला की ती त्याला माझ्यासमोर उभा करायची. "हात मागे बांध. आता पाटी वाच. मोठ्याने." तो वाचायचा. "अजून एकदा." तीनदा वाचून घेतल्याशिवाय ती कुणाला हातमोजेसुद्धा देत नसे. तिची शिस्तही कडक होती. माल आधी आम्लात बुडवून साफ करायचा. आम्लाची बादली खोलीच्या पार त्या टोकाला, मधे धुण्याच्या दोन टाक्या आणि मग मी. आम्ल आणि मी एकत्र आलो की जो वायू सुटतो, तो माणसाला फार वेळ देत नाही.

मग एक मोठं गिऱ्हाईक आलं. लहान मुलांच्या बुटांची बक्कलं करून हवी होती, पण अट अशी की सायनाइड वापरायचं नाही. अट चांगलीच होती. मालकांनी मला बाजूला सारलं आणि नवी कृती आणली, बिनविषारी. ती नाजूक होती, रोज तपासावी लागे, आणि मालकांना सगळं कालच हवं असे. आठव्या दिवशी ते पाणी काळं पडलं. मालकांनी ते ओतून दिलं आणि मला पुन्हा जागेवर आणलं. माझी पिवळी पाटी काढून त्या पाण्यासाठी लावलेली नवी पाटी मात्र तशीच ठेवली. हिरव्या अक्षरांत, "विषमुक्त". नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

माझा संताप तिथून सुरू झाला. विषाला विष म्हटलं तर त्यात कसला अपमान? अपमान मला गरीब गाय बनवून उभं करण्यात आहे.

"मालक, हे बरं नाही," मास्तरीण म्हणाली.

"बाई, तुम्हाला माहीत आहे ना आत काय आहे? मग झालं तर. गिऱ्हाइकाचा माणूस कधीही येतो. पाटी राहू दे."

तिने पाटी राहू दिली. पंखा आवाज करतो म्हणून बंद झाला. तेव्हाही ती गप्प. खेपा वाचाव्यात म्हणून मालकांनी आम्लाची बादली उचलून माझ्या शेजारच्या फळीवर ठेवली. तेव्हाही गप्प. स्वतःपुरती जपून काम करत राहिली.

पुढे तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस रजा. जागा हातची जाऊ नये म्हणून बदली कामाला तिने आपल्या सुनेला आणलं. पोर हुशार होती, पण भित्री. मास्तरणीने तिला माझ्यासमोर उभं केलं. "हात मागे बांध. पाटी वाच."

"विषमुक्त," सून म्हणाली आणि हसली. "बरं झालं आई, मी उगाच घाबरत होते."

मास्तरणीने तिच्या हातात हातमोजे दिले. खरं सांगितलं असतं तर सून दुसऱ्या दिवशी आली नसती. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी सगळा कारखाना डोक्यावर घेतला असता.

चौथ्या दिवशी दुपारी फळी पुसताना सुनेचा कोपर लागला आणि बादली माझ्यात कलंडली. माहीत असतं तर ती धावत सुटली असती. दार सात पावलांवर होतं. पण पाटी वाचली होती ना तिने! ती फडकं घेऊन पुसत बसली. "मालक ओरडणार आता," एवढंच म्हणाली आणि मग खाली बसली, ती उठलीच नाही. शेजारच्या खोलीतल्या पॉलिशवाल्याने नाकातोंडाला ओला टॉवेल बांधून तिला बाहेर ओढलं आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तो स्वतः त्याच आठवड्यात कामाला लागला होता. पाटीवर होतं तेवढंच त्यालाही ठाऊक.

मालक दाराबाहेर उभे होते. फोन स्पीकरवर लावून ओरडायची त्यांची सवय, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"टाकीत काय होतं? नक्की सांगा, औषध त्यावर ठरतं," डॉक्टर विचारत होते.

मालकांनी घसा खाकरला. "तसं विशेष काही नाही हो. विषमुक्त आहे, पाटीच लावलीय."

"सायनाइड तर नाही ना?"

"छे, छे. उपाशीपोटी आली असेल बाई. चक्कर आली असेल."

डॉक्टरांनी तीनदा विचारलं. तीनदा त्या माणसाने तेच सांगितलं. एक शब्द हवा होता, माझं नाव! ते जिभेवर असून त्याने गिळलं. इतकी वर्षं मी विष सांभाळते आहे, पण असं विष माझ्यात कधी नव्हतं.

तेवढ्यात बातमी ऐकून मास्तरीण धावत आली. एका डोळ्यावर पट्टी, पायात काही नाही. शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं. तिने फोन हिसकावून घेतला. "डॉक्टर, सायनाइड आहे! सायनाइड! पाटी खोटी आहे. मी तिची सासू बोलतेय, वीस वर्षं हेच काम करतेय."

"आधी का नाही सांगितलं?" डॉक्टर ओरडले.



सून वाचली. पण मधे गेलेला वेळ आपलं काम करून गेला. आता तिचा उजवा हात थरथरतो. कप धरला की चहा बशीत सांडतो. कारखान्याला कुलूप लागलं. मालक मात्र "पोरीचा धांदरटपणा" म्हणत गावभर फिरतात.

आज पॉलिशवाल्याने मागचं दार उघडून सासूसुनेला आत घेतलं. सुनेला आपला डबा न्यायचा होता. तो म्हणाला, "उद्या टाकी न्यायला माणसं येणार आहेत."

सून पाटीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आई, मला वाचायला लावलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरीण खोटं बोलू शकली असती.

"होतं," ती म्हणाली.

"आणि वाचू दिलंत."

"हो गं. दिलं."

मला वाटलं, सून रडेल, नाहीतर भांडेल. तिने कोपऱ्यातली लाल रंगाची डबी उघडली आणि ब्रश घेतला. हात थरथरत होता. मास्तरीण तिचं मनगट धरायला पुढे झाली, तशी तिने कोपराने तिला दूर सारलं. "मी लिहीन."

'सायनाइड' ही पाच अक्षरं लिहायला तिला बराच वेळ लागला. रंग ओघळला, काना भलतीकडेच गेला. पण इतक्या महिन्यांनी माझ्या अंगावर माझं नाव आहे.

उद्या मला उचलायला येणाऱ्या भावांनो, वरची छापील हिरवी अक्षरं वाचू नका. खाली वाकडी लाल अक्षरं आहेत, ती वाचा. मोठ्याने वाचा, तीनदा वाचा. मग मला हात लावा.