ईदची ओळ

"तिच्या नावावर एक ओळ दाखव," सौदा म्हणाली. "एकच. मी आत्ता या शेडमधून उठते आणि तिला सलाम ठोकून येते."

मी मांदाझीचा, म्हणजे आमच्या तळलेल्या गोड पावाचा, तुकडा चहात बुडवत होते. मांदाझी चहात जरा जास्त वेळ राहिली की तुटून तळाशी जाते, त्यामुळे मी लक्ष तिकडेच ठेवलं. विक्रीखात्यातून आलेल्या तुनूच्या नावावर एकही ओळ नाही, हे दार एस सलामच्या आमच्या कापडगिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं. तुनू स्वतःच ते हसत हसत सांगायची, आणि सौदाला त्या हसण्याचा जास्त राग होता.

आमची गिरणी कांगा छापते, बायका अंगाला गुंडाळतात ते कापड. चारी बाजूंनी किनार, मध्ये नक्षी आणि खालच्या अंगाला एक ओळ. दुकानात आलेली बाई रंग नंतर बघते, आधी ओळ काय आहे ते विचारते. जे जावेला तोंडावर बोलता येत नाही ते कमरेला गुंडाळायचं आणि तिच्या दारावरून दोन फेऱ्या मारायच्या, म्हणजे बोलायचं काम उरत नाही. गिरणीत या ओळी रचायचं काम सौदाचं. "बघून घे, पण विचारू नकोस" ही तिचीच. माझ्या सासूबाईंनी तो माझा कांगा लपवून ठेवला होता, अजून मिळालेला नाही.

मी रंगखात्यात आहे, माझं नाव मोझा. सौदाची आणि माझी दोस्ती लग्नाआधीपासूनची. त्यामुळे तिला काय झालं होतं ते मी सरळ सांगू शकते. तिला मत्सर झाला होता, आणि तो कोणालाही झाला असता.

नक्षीखात्याचे प्रमुख सालेहेबाबा निवृत्त झाले, तेव्हा त्यांची खुर्ची सौदाला मिळणार याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. सौदाच्या तर नव्हतीच. ज्या दिवशी लुहांगासाहेब नाव जाहीर करणार होते त्या दिवशी ती घरून पिलावचं मोठं पातेलं घेऊन आली. पहाटे उठून मसाला कुटला होता तिनं. लुहांगासाहेब हे गिरणीचे मॅनेजर, बोलायला लागले की थांबत नाहीत. त्या दिवशी मात्र दोन वाक्यांत उरकलं आणि नाव घेतलं ते तुनूचं. विक्रीखात्यातली तुनू, जी कालपर्यंत कारियाकूच्या बाजारात व्यापाऱ्यांकडे नमुने घेऊन फिरायची.

पिलाव लपवणार कसा? वास सगळ्या खात्यात पसरला होता. सौदानं पातेलं उघडलं आणि स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढलं. तुनूनं दोनदा मागून घेतला. तिला काही माहीतच नव्हतं. "बिबी, आज काय विशेष?" तिनं विचारलं.

"तुमचंच," सौदा म्हणाली.

कालपर्यंत तुनूला ती "ए पोरी" म्हणून हाक मारायची. त्या दिवसापासून अहो-जाहो सुरू झालं, आणि त्यात मान नव्हता हे बहिऱ्यालाही कळलं असतं.

मग तुनूचं सगळंच खुपायला लागलं. तिचे बूट वाजतात. ती फोनवर हळू का बोलते, काय लपवते? पूर्वी नक्षी काढणारे दोघे नवा कागद आधी सौदाकडे आणायचे, आता तुनूच्या टेबलाभोवती कोंडाळं करून उभे राहतात. सौदा तिकडे बघायची नाही, पण तिथे हशा पिकला की हातातली पेन्सिल थांबायची. ती मला म्हणायची, "जत्रा भरवलीय बाईनं. काम कुठं दिसतंय?"

काम दिसत होतं, खोटं कशाला बोलू. सालेहेबाबांच्या काळात ओळ म्हणजे बंद दाराआडची गोष्ट होती. सौदा आत जायची, ओळ सांगायची, बाबा मान हलवायचे. तुनूनं ते दार उघडलं. दर सोमवारी सकाळी सगळ्यांनी चहा घेऊन शेडमध्ये बसायचं, पॅकिंगच्या बायकांनी, झाडूवाल्यांनी, कोणीही, आणि ज्याला जे सुचेल ते मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या सोमवारी कोणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या सोमवारी पॅकिंगमधली अस्नाथ म्हणाली, "आत ये, पण चपला बाहेर." तिच्या नणंदेसाठी होती ती. आधी बायका हसल्या, मग तुनू हसली, आणि महिन्याभरात ती ओळ बाजारात होती.

त्या दिवसांत सौदा आणि मी डालाडालानं घरी चाललो होतो. बस नेहमीसारखी खच्चून भरलेली. पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं नेमकी तीच ओळ नेसलेली, अक्षरं अगदी आमच्या नाकासमोर. सौदा उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. उतरल्यावर म्हणाली, "व्याकरण चुकलंय त्यात."

"कुठं चुकलंय?"

"चुकलंय म्हणजे चुकलंय."

तिच्या स्वतःच्या ओळी मात्र आटल्या होत्या. पूर्वी हातातला चहा निवायच्या आत तिला काहीतरी सुचायचं, आता ती दिवसभर ओठ हलवत बसायची आणि संध्याकाळी जे निघायचं ते आंबट असायचं. तिच्या दोन ओळींचे कांगे व्यापाऱ्यांनी परत पाठवले. तुनू काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, सौदाला भांडता तरी आलं असतं.

अशात ईद जवळ आली. ईदचा कांगा म्हणजे आमच्या वर्षाचं नाक. जेव्हापासून सौदा गिरणीत आहे तेव्हापासून ईदची ओळ तिचीच असते, तसा अलिखित करारच होता म्हणा. तुनूनं एका सोमवारी सहज सांगितलं की यंदा जी ओळ सगळ्यांत चांगली वाटेल ती जाईल, कोणाचीही असो. तिच्या मनात काही वावगं नव्हतं, असं मला आजही वाटतं. सौदानं चहाचा कप तसाच ठेवला आणि उठून गेली.

"खुर्ची घेतली, आता ईदही घेणार," ती मला नळापाशी म्हणाली. हात धुऊन झाले होते तरी नळ चालूच होता. "माझ्याकडे दुसरं आहे काय, मोझा? पोरं आपापल्या घरी गेली. नवरा कसा होता ते तुला माहीत आहे. मला एवढंच येतं. हे पण तिनं वाटून टाकलं तर मी इथं कोण?"

मी नळ बंद केला.

पुढच्या सोमवारी शेड भरलेली होती. बऱ्याच ओळी झाल्या, काही बऱ्या, काही अशा की म्हणणारीलाच हसू फुटलं. सौदा मागच्या बाकावर बसली होती. शेवटी ती उभी राहिली, पदर नीट केला आणि थेट तुनूकडे बघत म्हणाली, "खुर्ची तुझी, ओळ माझी."

ओळीत "तुझी" म्हणता येतं. कोण कोणाला म्हणतंय ते विचारायची सोय नसते. पण शेडमध्ये न कळलेलं एकही माणूस नव्हतं. अस्नाथनं खाली मान घातली. मी रंगानं माखलेल्या नखांकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, गेली हिची नोकरी.

तुनूचा चेहरा उतरला. अगदी थोडा वेळ, पण मी पाहिलं. मग तिनं ती ओळ पुन्हा हळूहळू म्हटली, दुकानात कापड हातात घेऊन बघावं तशी. तिनं पॅकिंगच्या बायकांकडे वळून विचारलं की हा कांगा तुम्ही कोणासाठी घ्याल.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अस्नाथच शेवटी बोलली, "घेतला असता. पण आमच्या घरात खुर्ची कुठंय? सगळे चटईवर."

जरा हसणं झालं, शेडमधला ताण सैल झाला.

"भांडण अगदी खरं आहे," तुनू म्हणाली. "एकीला जागा मिळाली, दुसरीला गुण आहे. हे घरोघरी आहे. फक्त खुर्ची आपल्या ऑफिसातली आहे. घरात हे भांडण कुठं होतं?"

"चुलीपाशी," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

"चूल तुझी..." तुनू म्हणाली आणि थांबली. तिनं डोळे मिटले, पुन्हा "चूल तुझी" म्हटलं, आणि मान हलवली. "पुढे मला येत नाही. मला कधीच येत नाही. बिबी, तुम्ही सांगा."

सौदा अजून उभीच होती. तिला बोलायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पण तीस वर्षांची सवय मनाचं ऐकत नाही.

"चव माझी," ती म्हणाली.

मग पॅकिंगची एक म्हातारी मांडीवर थाप मारून ओरडली, "हा मला दे, माझ्या सवतीला दाखवते," आणि मग कोणाचं कोणाला ऐकू येईना. सौदा खाली बसली. आपल्याच तोंडातून निघालेल्या शब्दांनी तिचा घात केला होता.

ईदच्या आधी दोन आठवडे कारियाकूचे व्यापारी आमच्या फाटकाशी येऊन बसायला लागले. "चूल तुझी, चव माझी" सुनांनी घेतली, सासवांनीही घेतली. टांगा शहरात राहणाऱ्या माझ्या बहिणीनं फोन करून दोन जोड्या मागितल्या, कोणासाठी ते सांगितलं नाही. आमच्या खात्यात लाल रंग संपला तो दुसऱ्यांदा मागवावा लागला. इतकी चाललेली ओळ मी पाहिलेली नाही.

लुहांगासाहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवलं, मनसोक्त भाषण केलं आणि शेवटी विचारलं की ही ओळ कोणाची.

तुनू पुढे झाली. "बिबी सौदाची," ती म्हणाली. "सगळी त्यांची."

टाळ्या पडल्या. साहेबांनी सौदाचा हात हातात घेऊन हलवला. मीही टाळ्या वाजवल्या, आणि मग सौदाचा चेहरा बघून थांबले. तिच्याइतकं अपमानित झालेलं माणूस मी त्या अंगणात कधी पाहिलं नव्हतं.

"भीक घातली तिनं मला," ती आत जाताना म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"अगं, मान दिला."

"मान? 'चूल' कोणी म्हटलं? तुला माहीत आहे, अस्नाथला माहीत आहे. मला माहीत नाही का? मी घरी जाऊन खुर्ची-खुर्ची करत मेले असते, तरी मला चूल सुचली नसती." तिचा आवाज चिरकला. "एक ओळ येत नाही त्या पोरीला, आणि माझी सगळ्यांत चांगली ओळ तिच्याशिवाय झाली नाही. हे घेऊन मी कुठं जाऊ?"

मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

आमच्याकडे रीत अशी की नव्या छपाईची पहिली जोडी ओळ रचणारीला मिळते. कांगा जोडीनं छापतात, दोन तुकडे एकमेकांना लागून, आणि दोन्हींवर ओळ पूर्ण असते. एरवी ती जोडी कोणी शिपाई आणून देतो. या वेळी तुनू स्वतः घेऊन आली. सौदाच्या टेबलावर ठेवली आणि निघाली.

"थांब," सौदा म्हणाली.

एकेरी हाक ऐकून तुनू वळली. नक्षी काढणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. मी रंगाचा नमुना दाखवायला आले होते, तशीच दारात राहिले.

"खुर्चीची ओळ तुझ्यासाठी होती."

"कळलं होतं मला," तुनू म्हणाली. "दोन दिवस नीट जेवले नाही मी. पण ओळ चांगली होती, बिबी. टाकवेना."

सौदानं खणातून कात्री काढली. जोडी टेबलावर पसरली, दोन्ही तुकड्यांच्या मधली पट्टी बोटानं चाचपली आणि कापायला लागली. सरळ कापता येईना. मी पुढे होऊन एक टोक ताणून धरलं. शेवटपर्यंत कापून झाल्यावर तिनं एक तुकडा उचलला आणि तुनूसमोर धरला.

"ही तुझी."

"बिबी, मी सगळ्यांना सांगितलंय की..."

"म्हणूनच. मला फुकटचं नको. अर्धी ओळ तुझी आहे, ती घे."

तुनूनं दोन्ही हातांनी घेतला. तिला बरंच काही म्हणायचं होतं असं दिसलं, पण सौदानं पाठ फिरवली होती. ती आपल्या टेबलाशी बसली आणि उरलेल्या तुकड्याची घडी घालायला लागली. एकदा घातली, उलगडली, पुन्हा नीट घातली. दुसऱ्या वेळी अक्षरं आतल्या बाजूला गेली, आणि वर नुसता लाल रंग राहिला.