डॉक्टरणीची वाटी

"अहो साहेब, ह्या वाट्यांना पडदा लावा की," हुस्नबानू चाची म्हणाली.

"पडदा कशाला, चाची? सगळं पारदर्शक पाहिजे," मतदान घ्यायला आलेले विश्वजीत साहेब मोबाईल सरसावत म्हणाले. "रिपोर्टला फोटो लागतात."

हडपसरच्या त्या वस्तीत पुढच्या वर्षी दवाखान्याचा पैसा कशावर खर्चायचा, हे वस्तीनंच ठरवायचं होतं. समाजमंदिराच्या भिंतीवर पाच चित्रं, प्रत्येकाखाली एक वाटी. माणशी पाच चिंचोके. ज्या दोन वाट्या जास्त भरतील, ती दोन कामं होणार.

कुत्र्याच्या इंजेक्शनांची वाटी केव्हाच शिगोशीग भरली. भरणारच. वस्तीतली कुत्री एवढी मुजोर, की चावायच्या आधी माणसांना रांगेत उभं करत. डासांच्या धुराची वाटीही भरत आलेली. इथले डास डब्यातली चपाती झाकणासकट पळवतात, असं चाचीच सांगायची. शेवटची वाटी, बायकांच्या डॉक्टरणीची, मात्र कोरडी ठणठणीत.

चाचीची नजर त्याच वाटीवर. चाळीस वर्षं ती वस्तीत बांगड्या भरत होती. बाईचा हात हातात घेतला, की बाकीचं विचारावं लागत नसे. सकाळीच तिनं अपेक्षाचा हात धरला होता. दिवाळीला साबण लावून चढवलेल्या बांगड्या आता आपसूक गळत होत्या.

"किती दिवस जातंय अंगावरून?"

"महिन्यातले वीस," अपेक्षा पुटपुटली. "कुणाला बोलू नका, चाची. लांबच्या दवाखान्यात जायचं तर चार घरची कामं बुडतात. आणि घरात काय सांगू?"

आत्ता तीच अपेक्षा मूठ आवळून उभी होती. शेजारी सासू विजयमाला, मागं सगळी पुरुषमंडळी. तिनं एक चिंचोका डासांना टाकला. दुसराही डासांनाच. अशा आणखी दहा-बारा मुठी चाचीला ठाऊक होत्या. सगळ्या डासांकडंच निघाल्या होत्या.

चाची गुडघे धरत उठली. वय अडुसष्ट. आपले पाचही चिंचोके तिनं डॉक्टरणीच्या वाटीत खणखणीत टाकले.

"ए चाची, तुला काय करायची आता डॉक्टरीण?" हिंदुराव मागून ओरडला.

"दिवस गेलेत मला."

समाजमंदिराचे पत्रे उडायचे तेवढे बाकी राहिले. चाचीचा रिक्षावाला मुलगा रियाज उठून बाहेर गेला.

"आगं, चाचाला जाऊन नऊ वर्सं झाली की!" विजयमाला हसून हसून खाली बसली.

"म्हणून तर डॉक्टरीण पाहिजे. साध्या डॉक्टरला उलगडेल का हे?"

"जुळं हाय का काय?"

"पाच आहेत. मोजून टाकलेत वाटीत."

"मग हा घे माझा आहेर, डोहाळजेवणाचा!" विजयमालानं डोळे पुसत एक चिंचोका टाकला. आणि बायका उठल्याच. हा माझा आहेर, हा माझा, म्हणत एकमेकींना ढकलत वाटीवर पडल्या. त्या हसण्याच्या गर्दीत कुठली मूठ कुठं उघडली, ते कुणालाच दिसलं नाही. विश्वजीत साहेबांच्या फोटोत नुसत्या पाठी आल्या.

रियाज चार दिवस आईशी बोलला नाही. स्टँडवर पोरं त्याला विचारत, भाऊ झाला का बहीण. 

नव्या वर्षात वस्तीतल्या दवाखान्यात डॉक्टरीण दर गुरुवारी येऊ लागली. पहिल्या गुरुवारी चाची सकाळी आठलाच बाकावर. मग पदर सावरत अपेक्षा आली. मग आणखी एक, आणखी दोघी, असं करत रांग लागली. सिस्टर कागद घेऊन फिरली, तर प्रत्येकीचं एकच:

"मी नाही, मी चाचीबरोबर आलेय."

"एका पेशंटबरोबर अकराजणी?"

"अवघड केस आहे माझी," चाची म्हणाली.

आतून तिचं नाव पुकारलं. चाचीनं अपेक्षाच्या पाठीवर हात ठेवला. "तू हो पुढं. मला अजून अवकाश आहे."

एकेक बाई आत जात राहिली. सगळ्यांत शेवटी विजयमाला होती. चाची दाराजवळच्या पहिल्या जागेवर दुपारपर्यंत बसून राहिली, पुढचा नंबर आपलाच असल्यासारखी.