अकोफाला उतरवा!

अकोफा फुटबॉलच्या सराव शिबिरातून परत आली तेव्हा मी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते. तिने पिशवी दाराशी टाकली, माझ्याजवळ बसली आणि बाळाचा एक पाय हातात धरून त्याचा अंगठा चोळत राहिली.

"एवढ्यात कशी गं आलीस?"

"काढलं मला, ताई."

"लागलं कुठे?"

"नाही. मी त्यांची नाहीच म्हणे."

मला काही कळेना. आमची आई इथली, अफ्लाओची, म्हणजे घानाची. बाबा सरहद्दीच्या फाटकापलीकडचे, लोमेचे, म्हणजे टोगोचे. घरात मीठ संपलं तरी आम्ही पलीकडे जातो. दोन्हीकडचे कागद आमच्याकडे लहानपणापासून. अकोफाला आधी टोगोने बोलावलं, राखीव म्हणून बाकावर बसवलं आणि पुढे विसरून गेले. यंदा घानाने बोलावलं, आफ्रिकेच्या मोठ्या स्पर्धेसाठी, तेही पहिल्या अकरांत. आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

"लोमेला मी उतरले होते ना, त्यामुळे," ती म्हणाली. "एकवीस पूर्ण झाल्यावर मोठ्या संघाकडून स्पर्धेचा एक सामना खेळलं की देश ठरला. जन्माचा. मी तेव्हा बावीसची होते."

"अगं, पण तू तर अगदी शेवटी..."

"बॉलला पायसुद्धा लागला नव्हता."

तो सामना मला डोळ्यांपुढे दिसला. टोगो चार गोलांनी पुढे होता. बाबांची बहीण, अब्लावी आत्या, बाजारातल्या सगळ्या बायकांना एकाच छापाची कापडं नेसवून घेऊन आली होती. तिने सूर धरला, "अकोफाला उतरवा!" बघता बघता अर्धं स्टेडियम तेच म्हणायला लागलं. शेवटी प्रशिक्षक हसले, आत्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि अकोफाला उठवलं. भला माणूस. आम्ही नाचलो होतो त्या दिवशी.

"आत्याला कळू देऊ नकोस," अकोफा म्हणाली. "पाय दुखावला म्हणून सांगेन पुढे. तिला हे कळलं तर ती अन्न सोडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पहिल्यांदा घराबाहेर काढायचं होतं. आमच्यात तेव्हा छपरावर पाणी फेकतात, वळचणीचे थेंब बाळाच्या अंगावर पडतात. जो बाहेर काढेल त्याचे गुण बाळाला लागतात. आत्या डोक्यावर वाफाळत्या अबोलोची पाटी घेऊन फाटक ओलांडून आली. मक्याच्या त्या गोडसर वासाने घर भरलं. हे अबोलो विकूनच तिने अकोफाला पहिले बूट घेतले होते.

"बघा, घानाची मोठी खेळाडू, तरी भाचीसाठी धावत आली! मला वाटलं, आता आम्हाला ओळख दाखवते की नाही."

"तुझं अबोलो खायला आले गं आत्या."

"लाडीगोडी पुरे. हिलाच काढू द्या बाळाला. हिचे पाय येऊ देत पोरीला."

सगळे माझ्याकडे वळले. बाळ माझ्या खांद्याशी होतं. माझे हात सैल होईनात. क्षणभरच, पण अकोफाने ते पाहिलं. मी घाईने बाळ पुढे केलं तर ती मागे सरकली होती.

"माझ्या हातांना मासळीचा वास येतोय," ती म्हणाली. "आत्या, तूच काढ."

पाणी छपरावर आपटलं. थेंब पडताच बाळाने टाहो फोडला.

"ओरड, माझे बाई, ओरड! मीही अशीच ओरडले होते. सगळं स्टेडियम गप्प, आणि मी एकटी..."

"एकटी कुठली? ढोल होता की," आई म्हणाली.

"ढोल नंतर आला! अकोफा, सांग हिला."

"ढोल नंतर," अकोफा म्हणाली.

आत्याने बाळाला उंच धरलं आणि त्याच चालीवर तिचं नवं नाव बसवलं, "एसिनामला उतरवा! एसिनामला उतरवा!" अंगणातल्या बायकांनी सूर उचलला. अकोफा वळचणीखाली भिजत उभी होती आणि ठेक्यावर टाळ्या देत होती.

"द्या बाळाला इकडे," मी म्हणत होते. "द्या ना." त्या गलक्यात कुणालाच ऐकू गेलं नाही.